पुन्हा पुन्हा येणारा व्हायरस: छोट्या कार्यालयाची पक्की सफाई

छोट्या कार्यालयांचे संगणक दुरुस्त करणाऱ्याला एक तक्रार हमखास ऐकावी लागते: ‘गेल्याच महिन्यात फॉरमॅट मारून दिला होता, तरी व्हायरस परत आला.’ दौलताबादसारख्या गावात अशी कार्यालये पुष्कळ असतात. ग्रामपंचायत, आपले सरकार सेवा केंद्र, शाळेचे कार्यालय, पतसंस्था, वेरूळच्या रस्त्यावरची हॉटेले, झेरॉक्सची दुकाने ही सगळी दोन-चार संगणकांवर चालतात. थोडे पुढे संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा इथल्या लघुउद्योगांतही चित्र फारसे वेगळे नसते. संगणक आहेत, इंटरनेट आहे, पण त्यांची काळजी घेणारा स्वतंत्र माणूस नाही.

या संगणकांत ग्रामपंचायतीचे नमुना 8 आणि नमुना 9 असतात, जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, विद्यार्थ्यांचे दाखले, जीएसटीची बिले आणि कामगारांचे पगारपत्रक असते. हे कागद गेले, तर ज्याचे काम अडते तो माणूस बहुतेक वेळा त्या संगणकासमोर कधी बसलेलाही नसतो. त्यामुळे व्हायरसचा बंदोबस्त ही संगणक परिचालकाची खासगी डोकेदुखी मानून चालणार नाही. ती सगळ्या कार्यालयाची जबाबदारी आहे. ती कशी पार पाडायची, हे इथे क्रमाने मांडले आहे.

व्हायरस परत का येतो

आपण सरसकट ज्याला व्हायरस म्हणतो, त्याचे खरे नाव मालवेअर, म्हणजे अपाय करण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम. तो परत येण्याची कारणे साधारण चार आहेत.

पहिले कारण, तो पूर्ण निघालेलाच नसतो. कसबाने लिहिलेला मालवेअर एका जागी राहत नाही. विंडोज सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत तो नाव घालतो, टास्क शेड्युलरमध्ये ठरावीक वेळेचे काम लावून ठेवतो, स्वतःची सर्व्हिस तयार करतो, ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन बनून बसतो. अँटिव्हायरसने मुख्य फाइल उडवली, तरी शेड्युलरमधले काम शिल्लक असेल तर ते तीच फाइल इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेते.

दुसरे कारण शेजारचा संगणक. चार संगणक एकाच राउटरला जोडलेले, त्यातला एकच साफ केला, तर उरलेल्या तिन्हींतला मालवेअर शेअर केलेल्या फोल्डरमधून पुन्हा तिथे पोहोचतो. तिसरे कारण पेनड्राइव्ह. संगणक पुसला जातो, पण टेबलाच्या खणातले पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्डडिस्क कोणी तपासत नाही. चौथे कारण चोरीला गेलेले पासवर्ड. मालवेअरने पहिल्याच दिवशी पासवर्ड बाहेर पाठवलेले असतील, तर हल्लेखोराला नवा व्हायरस लागतही नाही. तो रीतसर लॉगइन करून आत येतो.

या चारही कारणांवर एकाच फेरीत उपाय झाला पाहिजे. एक संगणक आज आणि दुसरा पुढच्या आठवड्यात, अशी सफाई वाया जाते.

महाराष्ट्राने घेतलेले अनुभव

हे धोके आपल्याकडे नवे नाहीत. मे 2016 मध्ये मंत्रालयातले अनेक संगणक ‘लॉकी’ नावाच्या रॅन्समवेअरने बाधित झाले. लॉकी ई-मेलला जोडलेल्या वर्ड फाइलमधून येत असे. बिल समजून फाइल उघडायची, ‘एनेबल कंटेंट’ दाबायचे, की आतला मॅक्रो, म्हणजे दस्तऐवजात दडवलेला छोटा प्रोग्रॅम, चालू होऊन संगणकातल्या फाइली कुलूपबंद व्हायच्या. किल्लीसाठी पैसे मागणारा संदेश मग पडद्यावर येई.

27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या मालवेअरने न्हावाशेवा बंदरातले एक कंटेनर टर्मिनल ठप्प केले. हल्ल्याचा उगम युक्रेनमध्ये होता, पण ते टर्मिनल चालवणारी कंपनी जहाज वाहतुकीतल्या मर्स्क समूहाची असल्याने त्याची झळ रायगड जिल्ह्यापर्यंत आली. एका संगणकातून उचललेले ॲडमिनिस्ट्रेटरचे पासवर्ड वापरून नॉटपेट्या पुढच्या संगणकात शिरत असे.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत मालवेअर घुसवून आणि नंतर बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या ‘स्विफ्ट’ प्रणालीतून खोटे संदेश पाठवून दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे 94 कोटी रुपये काढले गेले.

संभाजीनगरच्या उद्योजकांना सर्वात जवळचे उदाहरण एमआयडीसीचे. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या मुंबईतील मुख्यालयाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. लागण पसरू नये म्हणून महामंडळाला आपल्या यंत्रणा नेटवर्कपासून तोडाव्या लागल्या आणि ऑनलाइन कामे खोळंबली. मोठ्या संस्थेलाही पहिले पाऊल म्हणून केबल काढावी लागते, हे यातून दिसते. छोट्या कार्यालयाने तर ते अजिबात लांबवू नये.

लक्षणे ओळखा

संगणक मंद चालणे हे एकटे लक्षण पुरेसे नाही. जुनी हार्डडिस्क आणि कमी रॅम यांमुळेही तो हँग होतो. खालच्या गोष्टींपैकी दोन-तीन एकत्र दिसल्या तर मात्र संशय पक्का समजावा.

पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब होऊन त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात. अँटिव्हायरस आपोआप बंद पडतो किंवा अपडेट घेत नाही. टास्क मॅनेजर उघडत नाही. ब्राउझरचे पहिले पान बदलते आणि पुन्हा नीट केले तरी परत बदलते. कोणी काम करत नसतानाही प्रोसेसर सतत पूर्ण भाराने चालतो. आपल्या विजेवर दुसऱ्यासाठी आभासी चलन खणणारा मालवेअर असला की असे होते. ओळखीचे लोक फोन करून विचारतात, ‘तुमच्याकडून ही कसली मेल आली?’ आणि सर्वात गंभीर लक्षण म्हणजे फाइलींच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागून त्या उघडेनाशा होतात.

पहिला तास

संशय आला की सर्वात आधी नेट तोडा. लॅन केबल काढा, वाय-फाय बंद करा. कोणता संगणक बाधित आहे हे नक्की नसेल तर राउटरच बंद करा. त्यानंतर जोडलेले पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क आणि डिजिटल सहीचा टोकन काढून बाजूला ठेवा. बॅकअपची डिस्क त्या संगणकाला चुकूनही जोडू नका.

फाइली डोळ्यांदेखत कुलूपबंद होत असतील आणि नेट तोडूनही ते थांबत नसेल, तर संगणक सरळ बंद करा. तसे नसेल तर तो चालूच राहू द्या आणि पडद्यावरचा संदेश, फाइलींची बदललेली नावे आणि वेळ यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे तक्रार देताना आणि रॅन्समवेअरची जात ओळखताना तेच उपयोगी पडतात.

बाधित संगणकावर बँकेचे, ई-मेलचे किंवा कोणत्याही सरकारी पोर्टलचे लॉगइन करू नका. पासवर्ड बदलण्याची घाईही त्या संगणकावरून नको, कारण नवा पासवर्डही तिथूनच चोरीला जाईल. एका कागदावर कार्यालयातल्या सगळ्या संगणकांची, पेनड्राइव्हची आणि डिस्कची यादी करा. सफाई संपेपर्यंत ही यादी समोर ठेवायची आणि एकेक नावावर खूण करत जायचे.

सफाईचा क्रम

सगळे संगणक नेटपासून तुटलेले असतानाच काम सुरू करावे. यूपीएस नसेल तर वीज जाण्याच्या वेळा टाळाव्यात. सफाईच्या मधोमध संगणक बंद पडला तर विंडोजच बिघडू शकते.

चालू विंडोजमध्ये खोल रुजलेला मालवेअर स्वतःला लपवू शकतो. त्यामुळे तपासणी विंडोजच्या बाहेरून करणे जास्त भरवशाचे. विंडोज 10 आणि 11 मध्ये यासाठी ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ मुळातच दिलेला आहे. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडून ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये तो निवडला की संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते. कॅस्परस्कीसारख्या कंपन्या पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या ‘रेस्क्यू डिस्क’ही देतात. अशी डिस्क नेहमी दुसऱ्या, निर्धोक संगणकावर तयार करावी.

त्यानंतर पूर्ण स्कॅन करावा आणि एका दुसऱ्या कंपनीच्या, मागणीनुसार चालणाऱ्या स्कॅनरने खातरजमा करून घ्यावी. मात्र सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच संगणकात टाकू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक जड होतो.

मग आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची झडती घ्यावी. मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन स्टार्टअप, सर्व्हिसेस, शेड्युलरमधली कामे, ड्रायव्हर आणि इतर लपलेल्या जागा एकाच यादीत दाखवते. ज्या नोंदीवर कंपनीची खात्रीशीर सही नाही आणि जी ‘टेम्प’ किंवा ‘ॲपडेटा’ फोल्डरमधून चालते, ती आधी संशयाच्या यादीत घ्यावी. काय आहे हे न कळता काहीही डिलीट करू नये. आधी खूण काढून ती बंद करावी, संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढावीत आणि नोटिफिकेशनची परवानगी कोणकोणत्या संकेतस्थळांना दिली आहे तेही पाहावे. जुने रिस्टोअर पॉइंट शेवटी काढून टाकावेत, कारण बाधित अवस्था त्यांतही जपली गेलेली असू शकते.

पेनड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस

सरकारी कार्यालये, शाळा आणि झेरॉक्सच्या दुकानांत सर्वाधिक त्रास याचा. त्याची चाल ओळखली की तो काढणे अवघड नाही. हा व्हायरस पेनड्राइव्हमधल्या खऱ्या फाइली नष्ट करत नाही. तो त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा दोन खुणा लावून लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर डबल क्लिक केले की आधी व्हायरस चालतो, मग खरा फोल्डर उघडतो. काम झाल्यासारखे दिसते आणि कोणाला शंकाही येत नाही.

पेनड्राइव्हमध्ये सगळे शॉर्टकटच दिसले म्हणून लोक घाबरून फॉरमॅट मारतात आणि शाबूत असलेल्या फाइली स्वतःच्या हाताने घालवतात. तसे करू नये. आधी संगणक साफ करावा. नंतर फाइल एक्सप्लोररच्या पर्यायांत लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण करावी आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ ही खूण काढावी. ही दुसरी पायरी राहिली तर फाइली दिसतच नाहीत, कारण त्यांच्यावर ‘सिस्टिम’ची खूणही असते. पेनड्राइव्हवर कशावरही डबल क्लिक न करता तो स्कॅन करावा, दिसू लागलेले दस्तऐवज साफ संगणकात घ्यावेत आणि मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह बाधित आहे असे धरूनच तपासावा. दुकानदाराचा त्यात दोष नसतो. दिवसभर दहा ठिकाणचे पेनड्राइव्ह एकाच संगणकात लागतात.

फाइलींच्या नावाचे शेपूट दिसेल अशी सोय याच वेळी करून घ्यावी. विंडोज मुळात ते लपवते. त्यामुळे ‘निविदा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘निविदा डॉट पीडीएफ’ दिसते आणि माणूस फसतो.

पूर्ण पुसून नवे विंडोज कधी टाकावे

काही वेळा सफाईचा नाद सोडावा. रॅन्समवेअर आला असेल, पासवर्ड चोरणारा मालवेअर सापडला असेल, कोणी दुरून संगणक चालवत असल्याची चिन्हे असतील किंवा दोनदा साफ करूनही त्रास परतला असेल, तर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकणे हाच खात्रीचा मार्ग. बँकेचे किंवा डिजिटल सहीचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, त्याला पहिल्याच लागणीनंतर हा नियम लावावा. नॉटपेट्यानंतर मर्स्कनेही हेच केले. समूहाच्या अध्यक्षांनी नंतर सांगितले, त्यानुसार सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करण्यात आले.

‘फॉरमॅट मारूनही परत आला’ या तक्रारीत बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट झालेला असतो. डी आणि ई ड्राइव्ह तसेच राहतात आणि त्यातली बाधित फाइल कोणीतरी पुन्हा उघडते. म्हणून आधी दस्तऐवज बाजूला काढून घ्यावेत, ते स्कॅन करावेत आणि मग सगळी पार्टिशन पुसावीत. विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने, निर्धोक संगणकावर बनवलेला हवा.

पुसण्याआधी काय काय घ्यायचे याची यादी मराठी कार्यालयांत जरा लांब असते. टॅलीचा डेटा फोल्डर, प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर, आउटलुकच्या मेल, ब्राउझरचे बुकमार्क ही नेहमीची नावे. त्यात एक विसरली जाणारी गोष्ट म्हणजे जुने फाँट. युनिकोड येण्यापूर्वीचे शेकडो ठराव, नोटिसा आणि इतिवृत्ते श्रीलिपी, शिवाजी किंवा डीव्हीबी-टीटी अशा फाँटमध्ये टाइप केलेली असतात. तो फाँट नव्या विंडोजमध्ये नसेल तर फाइल उघडते, पण वाचता येत नाही. फाँटची नावे लिहून ठेवावीत आणि मूळ सीडीवरून ते पुन्हा टाकावेत. प्रोग्रॅमच्या ‘ईएक्सई’ फाइली मात्र जुन्या डिस्कवरून कधीच उचलू नयेत. त्या अधिकृत ठिकाणाहूनच नव्याने घ्याव्यात.

अस्सल विंडोज त्याच संगणकावर पुन्हा टाकताना सहसा वेगळी किल्ली लागत नाही. नेट जोडल्यावर डिजिटल परवाना ओळखला जातो.

पासवर्ड आणि डिजिटल सही

संगणक साफ झाला की त्या दिवशीच सगळे पासवर्ड बदलावेत, साफ झालेल्या संगणकावरूनच. क्रम असा ठेवावा: आधी कार्यालयाचा ई-मेल, कारण इतर सगळे पासवर्ड तिथूनच बदलता येतात; मग बँक, मग सरकारी पोर्टल, मग राउटर आणि विंडोजची खाती. जिथे सोय आहे तिथे दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरीला गेले असेच समजावे. ई-मेलमध्ये अनोळखी ‘फॉरवर्डिंग’चा नियम लागला आहे का, तेही पाहावे, कारण पासवर्ड बदलला तरी तो नियम मेलची प्रत बाहेर पाठवत राहतो.

ग्रामपंचायतीत याचे महत्त्व आणखी मोठे. वित्त आयोगाच्या निधीचे व्यवहार ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून होतात. एकाने व्यवहार तयार करायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, दोघांनी स्वतंत्र डिजिटल सही करायची, अशी ती रचना आहे. दोन्ही टोकन एकाच संगणकाला दिवसभर लावलेले आणि त्यांचे पिन की-बोर्डखाली चिकटवलेले असतील, तर त्या रचनेचा अर्थच उरत नाही. सही झाली की टोकन काढावा आणि ज्याचा त्याने आपल्या ताब्यात ठेवावा. सरपंच असोत वा ग्रामपंचायत अधिकारी, पिन परिचालकाला सांगू नये. यात परिचालकावर अविश्वास नाही. उलट काही विपरीत घडले तर तोच पहिला संशयात सापडतो, त्यापासून त्याचे संरक्षण होते.

परतीच्या वाटा बंद करा

अपडेट सुरू ठेवा. ‘वॉनाक्राय’ रॅन्समवेअरने 12 मे 2017 रोजी जगभर धुमाकूळ घातला, तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेले होते. दोन महिने ज्यांनी ते टाकले नाही, ते सापडले. विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्ये आणि विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. जुना संगणक एखाद्या यंत्रासाठी किंवा सॉफ्टवेअरसाठी ठेवणे भागच असेल, तर त्याला इंटरनेट देऊ नका.

रोजच्या कामाला ॲडमिनिस्ट्रेटर खाते वापरू नका. रोजचे काम साध्या खात्यातून करावे आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फक्त नवे सॉफ्टवेअर टाकताना वापरावा. प्रत्येक संगणकाचा हा पासवर्ड वेगळा असावा. नॉटपेट्यासारख्या मालवेअरची धाव इथेच अडते.

चोरीचे सॉफ्टवेअर काढा. विंडोज किंवा ऑफिस फुकट चालू करून देणारे ‘ॲक्टिव्हेटर’, कोरलड्रॉ आणि फोटोशॉपचे ‘क्रॅक’ टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. दार आपणच उघडून दिल्यावर पुढे कोणताही पहारा उपयोगाचा नाही. पैसे कमी असतील तर लिबरऑफिस, गिंप, इंकस्केप ही मोफत आणि कायदेशीर साधने आहेत.

पेनड्राइव्हसाठी एक संगणक ठरवा. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह फक्त त्या एका संगणकात लावावा, तो संगणक इतरांशी जोडलेला नसावा आणि त्यावर बँकेचे काम होऊ नये. सगळ्या संगणकांत ऑटोप्ले बंद ठेवावे.

दुरून दुरुस्तीची साधने आवरा. ॲनिडेस्कसारखे प्रोग्रॅम दुरुस्ती करणारा टाकून जातो आणि ते कायम चालू राहतात. काम संपले की काढावेत. विंडोजचे रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

शेअर फोल्डर आणि राउटर तपासा. ‘एव्हरीवन’ला सर्व अधिकार दिलेले फोल्डर बंद करून गरजेपुरते अधिकार द्यावेत. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा, फर्मवेअर अद्ययावत करावे आणि ग्राहकांसाठी वाय-फाय असेल तर ते कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे. हॉटेलवाल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

मॅक्रोपासून सावध राहा. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट 2022 पासून मुळातच अडवते. जुन्या ऑफिसमध्ये ती सोय नाही. तिथे मॅक्रो स्वतः बंद करून ठेवावेत.

बॅकअप: पोते उघडून पाहा

देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्याची एक हकिकत फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीने अचानक चाल केली, तेव्हा रामदेवराय यादव किल्ल्यात आश्रयाला गेला. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी पायथ्याशी टाकून दिलेली पोती धान्याची समजून घाईघाईने वर नेण्यात आली. वेढा पडल्यावर ती उघडली, तर आत मीठ निघाले. किल्ला तेव्हा कोणाला चढून घेता आला नाही. अन्न नव्हते म्हणून तह करून प्रचंड संपत्ती द्यावी लागली. कार्यालयाच्या बॅकअपचे अगदी असेच होते. डिस्क कपाटात असते, तिच्यावर ‘बॅकअप’ अशी चिठ्ठीही असते, आणि गरज पडते त्या दिवशी कळते की गेले वर्षभर तिच्यावर काहीच उतरलेले नाही. मग रॅन्समवेअरवाल्याची मागणी मान्य करण्याचा विचार सुरू होतो.

बॅकअपचा सर्वमान्य नियम तीन-दोन-एक असा आहे: दस्तऐवजांच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक कार्यालयाबाहेर. छोट्या कार्यालयाला हे परवडते. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात. डिस्क बॅकअप घेण्यापुरतीच जोडावी आणि लगेच काढावी. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. दोन डिस्क आलटून पालटून वापरल्या तर आणखी चांगले, म्हणजे एका आठवड्याचा बॅकअप बाधित निघाला तरी आधीचा शिल्लक राहतो.

आणि पोते उघडून पाहावे. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी टॅली कंपनी, एखादा नमुना 8, एखादे पगारपत्रक वेगळ्या संगणकावर उतरवून उघडते का ते तपासावे. मर्स्कचे जगभरातले डोमेन कंट्रोलर, म्हणजे जाळ्यातली खाती आणि अधिकार सांभाळणारे सर्व्हर, नॉटपेट्याने पुसले गेले, तेव्हा घानातला एकच वाचला होता. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच एका प्रतीवरून सगळी रचना परत उभी राहिली. त्या कंपनीला जे योगायोगाने मिळाले, ते आपण दर आठवड्याला ठरवून करू शकतो.

मदत आणि तक्रार कुठे

भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ संस्थेने फेब्रुवारी 2017 मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तिथे मालवेअर काढण्याची मोफत साधने मिळतात. ती देणाऱ्या कंपन्यांत पुण्याच्या काटकर बंधूंनी उभी केलेली क्विक हील आहे. पेनड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे सी-डॅकचे ‘यूएसबी प्रतिरोध’ही तिथेच सापडते.

फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर त्या पुसून टाकण्याची घाई करू नका. 2016 मध्ये युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ प्रकल्पाच्या संकेतस्थळावर अनेक रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज किल्ली नसली तरी ती काही महिन्यांनी मिळू शकते. म्हणून फाइलींची एक प्रत जपून ठेवावी. पैसे दिल्यावर फाइली मिळतीलच याची हमी कोणीही देत नाही.

पैशांची फसवणूक झाली असेल तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच अडवण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि स्थानिक सायबर पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. मालवेअर आणि रॅन्समवेअरचे हल्ले त्यात येतात.

कामाची वाटणी

वरची सगळी कामे जिथे टिकतात, तिथे ती कोणाच्या तरी नावावर लिहिलेली असतात. दर शुक्रवारी बॅकअप कोण घेणार, महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो उघडून कोण पाहणार, बाहेरचा पेनड्राइव्ह कोण तपासणार, दुरुस्तीला आलेल्या माणसाने काय टाकले आणि काय काढले याची नोंद कोण ठेवणार, हे एका कागदावर नावानिशी लिहून भिंतीवर लावावे. रजेवर गेल्यास ते काम कोणाकडे, तेही लिहावे. ग्रामपंचायतीने ते मासिक सभेत ठेवावे, शाळेने मुख्याध्यापकांच्या सहीने लावावे, कारखान्याने नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी दाखवावे.

कर्मचाऱ्यांना एक गोष्ट मात्र स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे: चुकीची फाइल उघडली गेली तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही. भीतीने लपवलेल्या एका क्लिकमुळे एका संगणकातली लागण संध्याकाळपर्यंत सगळ्या कार्यालयात पोहोचते. वेळेवर सांगितले तर एक केबल काढून काम भागते. त्यामुळे साहेबांनी हा शब्द द्यावा आणि पहिली चूक समोर येईल तेव्हा तो पाळून दाखवावा.